पुलाच्या तोंडाशी बसवलेला नगरसेवक

गार्देनियाने त्या माणसाला वर्षभरात अकरा अर्ज दिले होते. अकरा म्हणजे अकरा, घरी ठेवलेल्या प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात नगरपालिकेचा जांभळा शिक्का, त्याखाली तारीख, त्याखाली ऑफिसातल्या जेसेनियाची वळणदार सही, आणि विषय सगळ्यांचा एकच, खाडीवरचा पूल. आता पूल म्हणायचं म्हणून म्हणायचं हो. बांबूवर टाकलेल्या कुजक्या फळ्या नुसत्या. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर तेवढीच वाट. धडधाकट माणूस काय, उड्या मारत जातो. पण गार्देनियाच्या बापाची, पापा एलेओदोरोची, किडनी गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, शेजारचा कोलोन एका बाजूने, गार्देनिया दुसऱ्या बाजूने, आणि खुर्ची उचलून एकेक फळी चाचपत पलीकडे. सप्टेंबरात एक फळी मोडली आणि पापांचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. जानेवारीत आमच्याकडचा पावसाळा सुरू झाला, खाडी वर आली, की पूल जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. आणि पूल गेला की पापा गेले. इतकं साधं होतं ते.

आणि नगरसेवक, वकीलसाहेब फुल्तोन बारेइरो, काय करत होते? काही नाही. फोन केला की चार रिंगा आणि मग ती रेकॉर्डवरची बाई सांगते, निरोपांची पेटी भरलेली आहे. मेसेज टाकला की दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलाय गाढवाने, पण उत्तर नाही. ऑफिसात गेलं की जेसेनिया नखांवर फुंकर मारत सांगणार, साहेब मीटिंगमध्ये. निवडणुकीआधी मात्र हाच माणूस आमच्या चिखलात उतरला होता. त्याच पुलावरून घसरून खाडीत बसला, गार्देनियाच्या घरी अंग पुसलं, पक्षाचा टीशर्ट चढवला आणि स्वतःचा तो पांढरा, चुण्यांचा सदरा तिच्याकडे टाकला. धुऊन ठेवा, माणूस पाठवतो. माणूस काही आला नाही. दीड वर्ष तो सदरा इस्त्री करून खिळ्याला टांगलेला.

मग डिसेंबर लागला, आणि डिसेंबर म्हणजे म्हातारा. ज्याने वर्षभर छळलं त्याच्या नावाचा बाहुला शिवायचा, भुसा भरायचा, दाराशी खुर्चीत बसवायचा, येताजाता टपल्या मारायच्या, आणि एकतीसला बाराच्या ठोक्याला पेटवायचा, की जुनं वर्ष सुटलं. यंदा कोणाचा करायचा यावर गल्लीत चर्चासुद्धा झाली नाही. कोलोन मुखवटे करण्यात उस्ताद. त्याने रद्दी आणि खळ घेऊन फुल्तोनचं तोंड असं उतरवलं, ती दुहेरी हनुवटी, तो मिशीचा कोपरा, की त्याच्या बायकोनेही गालाला हात लावून पाहिला असता. धड शिवायचं काम गार्देनियाचं, कारण शिलाई मशीन तिच्याकडे.

बावीस तारखेला ती पुन्हा ऑफिसात जाऊन हात हलवत परत आली होती. डोकं असं तापलेलं की पाणीसुद्धा प्यायली नाही. भुशाची गोणी पायाने बाजूला सारली, मशीनचा खण उघडला, आणि त्या अकराच्या अकरा अर्जांच्या प्रती घड्या घालून बाहुल्याच्या छातीत कोंबले. प्रत्येकावर वर लिहिलेलं, माननीय नगरसेवक फुल्तोन बारेइरो यांस. मग तिने खिळ्यावरचा सदरा काढला.

आता आमच्याकडे म्हाताऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कपडा मेलेल्याचा चालतो, किंवा ज्याने आपल्या हाताने देऊन टाकला त्याचा चालतो. जिवंत माणसाचा, न दिलेला, कधीच नाही. का, ते कोणी सांगत नाही, पण नाही म्हणजे नाही. कोलोनने आठवण करून दिलीसुद्धा. गार्देनिया सुई दातात धरून म्हणाली, "दीड वर्ष न्यायला आला नाही. म्हणजे दिलाच की." आणि छाती शिवून टाकली.

पहिल्या दिवशी काय मजा आली! म्हातारा पुलाच्या तोंडाशी, पाय फाकवून, हातात रबरी हातमोजे. कोलोन दर वेळी जाताना टोपी काढायचा आणि विचारायचा, साहेब, मीटिंग संपली का? बायकांनी कुल्ल्यावर लाथा हाणल्या. संध्याकाळी सगळे पांगल्यावर पापा एलेओदोरो काठी टेकत आले, समोरच्या दगडावर बसले आणि बोलायला लागले. थट्टा नाही, शिवी नाही. सुया कुठे टोचतात, चार तास त्या मशीनला बांधून कसं पडावं लागतं, खुर्ची हलली की पोटात कसा गोळा येतो, सगळं नीट, सावकाश, एखाद्या माणसाला सांगावं तसं. दहा मिनिटं बोलले असतील. खऱ्याने कधी दहा सेकंद दिले नव्हते. घरात आले तेव्हा गार्देनिया केळी भाजत होती. पापा तिला म्हणाले, "पोरी, तो ऐकतो गं."

ती हसली. म्हणाली, पापा, त्याचे कान कागदाचे आहेत.

चोवीसच्या सकाळी आठ माणसं आली. लाकूड घेऊन! नवं, तासलेलं, वास येणारं लाकूड, लोखंडी खिळ्यांची पिंपं, सगळं. मुकादमाने गार्देनियाला कागद दाखवला: खाडीवरील पूल, तातडीने, आणि खाली फुल्तोन बारेइरोची सही, तारीख तेवीस डिसेंबर. गल्लीने टाळ्या पिटल्या. पेपरात आपल्या म्हाताऱ्याचा फोटो येईल म्हणून मिशीवाला घाबरला असेल, असं कोलोन म्हणाला. गार्देनियाला रडू आलं. माणूस वाईट नसेल, कामात असेल, असंही तिला वाटून गेलं, बघा. तिने चीज घालून केळ्याचे गोळे, आमचे बोलोन, केले, फडक्यात बांधले आणि आभार मानायला ऑफिसात गेली.

तिथे जेसेनिया नखं रंगवत नव्हती. दरवाज्याबाहेर पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. साहेब आहेत का विचारलं तर म्हणाली, बावीसनंतर साहेब ऑफिसला आलेच नाहीत. घरी आजारी आहेत म्हणे. मग पुलाचा हुकूम कोणी टाइप केला? मी नाही केला, ती म्हणाली. काल सकाळी कुलूप उघडलं तर टेबलावर होता. आजही एक आहे. गार्देनियाने आत जाऊन पाहिलं. साहेबांच्या टेबलावर नगरपालिकेचा कागद, सही केलेला, आणि कागद ओलसर. तिने नाकाशी नेला तर खळीचा वास. कोलोन मुखवट्याला लावतो त्याच खळीचा.

बोलोन तिथेच विसरून ती परत आली.

भर दुपार होती, पुलापाशी कोणी नव्हतं, फक्त ती आठ माणसं खाली बांबू काढत होती. म्हातारा खुर्चीत. तिने त्याला बसवलं होतं रस्त्याकडे तोंड करून, आणि आता त्याचं तोंड पापांच्या दगडाकडे होतं. वाऱ्याने फिरलं असेल. तिने उजवा हातमोजा उचलून पाहिला. अंगठा आणि दोन बोटं निळी, पेनाची शाई लागते तशी. कोलोनचा चावटपणा असेल. मग तिने सदऱ्यावर हात ठेवला, चिंचेच्या सावलीतली बाजू होती ती, जिथे दिवसभर ऊन येत नाही. आणि छाती कोमट होती. तापलेली नाही. कोमट, एखादा माणूस झोपेतून उठतो तशी.

तिने हात काढला. कोणाला सांगावं? आणि सांगून काय, म्हाताऱ्याला काढा म्हणावं? खाली तर हातोडे पडत होते.

त्या हातोड्यांचंही ऐका. आठही जणांचे हातोडे एकदम पडायचे. ठक. मग एकदम उचलायचे. ठक. डिसेंबरच्या त्या उकाड्यात, जिथे आम्ही बसल्या जागी भिजतो, त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. पाणी दिलं तर नको, जेवण दिलं तर नको. मुकादमाला विचारलं की दादा कुठल्या गल्लीतले तुम्ही, तर तो कागद दाखवायचा.

पण पूल होत होता! आणि बातमी काय लपते? समोरच्या म्हातारीने सहज गंमत म्हणून दिव्याच्या खांबाची तक्रार एका चिटोऱ्यावर लिहून म्हाताऱ्याच्या खिशात टाकली, दुसऱ्या दिवशी दिवा लागला. मग काय. सव्वीसला चार चिठ्ठ्या, सत्तावीसला वीस, खिसा भरला तर लोक कॉलरमधून आत सारायला लागले. लाथा बंद झाल्या. थट्टा बंद झाली. कोलोनसुद्धा टोपी काढायचा तो आता गप्प राहून काढायचा. सकाळी सकाळी रांग लागायची, आणि रांगेत कोणी बोलायचं नाही, आमच्या गल्लीत, जिथे मयताला पण लोक गप्प बसत नाहीत. एकेक जण पुढे जायचा, हळू आवाजात सांगायचा, आणि परत येताना मागे वळून बघायचा नाही. कारण मान फिरायची म्हाताऱ्याची. तुम्ही बघत असताना नाही, पण नजर हटवून परत टाकली की तोंड जो बोलत होता त्याच्याकडे.

अठ्ठावीसला जुना पूल पुरता निघाला. बुधवारी, म्हणजे तीसला, पापांना होडीतून न्यावं लागलं. ओहोटी होती, होडी चिखलात रुतली, उतरताना ते पडता पडता वाचले आणि दवाखान्यात पोचले तेव्हा ओठ निळे झालेले. नर्सने सांगितलं, पुन्हा असं आणू नका. पुढची पाळी शुक्रवारी पहाटे. नव्या वर्षाचा पहिला दिवस, पण किडनीला कुठली सुट्टी?

आणि गुरुवारी, एकतीसला, दुपारी तीनच्या सुमारास, पलीकडच्या काठावरून एक बाई होडीने आली. चांगले कपडे, उंच टाचांचे बूट हातात घेतलेले. पुलाच्या तोंडाशी आली, म्हाताऱ्याला पाहिलं आणि तिथेच मातीत बसली. कोणीतरी खुर्ची दिली. ती सेन्योरा मिरेया. फुल्तोन बारेइरोची बायको.

म्हाताऱ्याचा फोटो फोनवर फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता. सदऱ्याचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं, ते तिने स्वतः लावलेलं, त्यावरून ओळखलं. तिने गार्देनियाला जे सांगितलं ते दबक्या आवाजात, रांगेतल्या लोकांकडे पाठ करून. बावीसच्या संध्याकाळी नवरा व्हरांड्यात खुर्चीत बसला तो उठलाच नाही. डोळे उघडे. पापणी हलत नाही. तोंड कायम खाडीकडे, खुर्ची फिरवली तरी मान फिरते. डॉक्टर म्हणाले थकवा. "काल त्यांचं अंग पुसत होते," ती म्हणाली. "पोटावर हात दाबला, तर कागद चुरगळल्यासारखा आवाज आला."

गार्देनियाने सदऱ्याकडे पाहिलं.

"सदरा काढा. तुमच्या पाया पडू का? सांगा."

पाया पडायची काय गरज होती, गार्देनियाचा हात आधीच कात्रीकडे गेला होता, खरंच गेला होता. पण तिने पुलाकडे पाहिलं. मधोमध नऊ फळ्यांची जागा उघडी, खाली काळं पाणी. त्याच क्षणी तिला कळलं की ही छाती उसवली की ते आठ हातोडे जिथे आहेत तिथे थांबणार. ती म्हणाली, सेन्योरा, नऊ फळ्या राहिल्यात.

मिरेयाला कळेना. मग गार्देनियाने पापांकडे बोट दाखवलं, दारात बसले होते, पिवळे पडलेले, आणि पहाटेचं सांगितलं.

"नऊ फळ्या," मिरेया म्हणाली. "आणि तोवर त्यांचा श्वास थांबला तर?"

"मी अकरा वेळा विचारलं होतं, सेन्योरा. अकरा वेळा."

मिरेया एकदम पुढे झाली आणि तिने सदऱ्याची कॉलर धरली. गार्देनियाने तिचा हात धरला. दोघींची झटापट, पण आवाज नाही, आणि रांगेतलं कोणी मध्ये पडलं नाही, सगळे नुसते बघत होते, चिठ्ठ्या हातात. आणि मग दोघींनाही जाणवलं की कॉलरच्या आत काहीतरी वरखाली होतंय. फार हळू. मिरेयाने हात सोडला. श्वास तो. नवऱ्याचा श्वास तिला कळणार नाही?

तेवढ्यात कोलोन आला. त्याच्या हातात फटाक्यांची माळ. रिवाजाप्रमाणे पाच वाजता म्हाताऱ्याच्या पोटात फटाके भरायचे, म्हणजे बाराला पेटवल्यावर कसा उडतो ते बघायला. तो कुजबुजत म्हणाला, गार्दे, मला नकोय भरायला, पण न भरावं तर जुनं वर्ष जायचं कसं? लोक थांबणार नाहीत. म्हणजे पाचपर्यंतचा वेळ. दीड तास, नऊ फळ्या, आणि ते आठ जण आपल्याच लयीत, ना हळू ना भरभर. ठक. ठक.

आणि सेन्योरा मिरेयाने काय केलं असेल? तिने ते उंच टाचांचे बूट फेकून दिले, फळ्यांच्या ढिगापाशी गेली आणि एक फळी उचलायला लागली. उचलेना. गार्देनियाने दुसरं टोक धरलं. नगरसेवकाची बायको, हातात सोन्याचं कडं, आणि आमची गार्देनिया, दोघी फळी घेऊन नव्या पुलावर, आणि मुकादमाने मान वर न करता ती फळी घेतली आणि खाली बसवली. ठक. मग दुसरी. तिसरी. कोलोनने फटाके ठेवले आणि तोही आला. फळी हाताशी मिळाली की त्यांचं काम लवकर व्हायचं, उठून जावं लागत नव्हतं ना. मिरेयाच्या तळव्यात कुसळ गेलं, रक्त आलं, तिने स्कर्टला पुसलं. प्रत्येक फळीनंतर ती मागे वळून म्हाताऱ्याची छाती बघायची. हलतेय. चला. सहावी. सातवी.

पाचला सात मिनिटं असताना नववी फळी बसली.

सगळ्यात आधी पापा गेले त्यावरून. खुर्ची नाही, कोणी उचललं नाही. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्यात काठी, मध्ये थांबून, खाली पाणी पाहून, पुन्हा चालत. पलीकडे पोचल्यावर वळून हात केला. गार्देनिया तोंडावर हात धरून उभी होती.

मग ती कात्री घेऊन म्हाताऱ्यापाशी बसली. पहिल्या टाक्याखाली पातं घातलं, आणि मिरेयाने तिचं मनगट धरलं.

"जरा थांबा."

गार्देनियाला वाटलं, घाबरली. पण मिरेया पर्समध्ये काहीतरी शोधत होती. पेन निघालं. कागद म्हणून डॉक्टरची चिठ्ठी होती, तिची मागची बाजू.

"बावीस वर्षं बोलतेय मी या माणसाशी," ती म्हणाली. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही, गार्देनियाकडेही पाहिलं नाही. "नुसतं हं सुद्धा म्हणत नाही."

काय लिहिलं ते गार्देनियाने वाचलं नाही. तीन ओळी असतील. मिरेयाने कागदाची छोटी घडी केली, कॉलर सैल केली आणि चिठ्ठी आत, सगळ्यांच्या वर, सारली. हात दोन क्षण तिथेच ठेवला. मग म्हणाली, आता उसवा.

कच, कच, कच. टाके सुटले तसे कागद बाहेर यायला लागले, ओले, गरम, एकमेकांना चिकटलेले, अकरा अर्ज आणि ते सगळे चिटोरे, आणि कुठल्याही कागदावर एक अक्षर नाही. कोरे! शिक्केसुद्धा गेलेले. सदरा निघाला तसं मुखवट्याचं तोंड एका बाजूला पडलं, नुसती रद्दी झाली त्याची. पुलावर हातोडे खाली पडल्याचा आवाज आला. ते आठ जण एकमेकांकडे बघत होते, घामाने एकदम निथळायला लागलेले, आणि मुकादम कोलोनला विचारत होता, भाऊ, ही कुठली खाडी?

आणि मिरेयाचा फोन वाजला.

तिने पडदा पाहिला. तो कधी तिला फोन करत नसे, म्हणून नाव वाचायला तिला वेळ लागला. कानाला लावला. म्हणाली, फुल्तोन? उठलात? मग तिने फोन कानापासून जरा दूर धरला. गार्देनिया शेजारीच होती, तिलाही ऐकू येत होतं. फुल्तोन बारेइरोचाच आवाज, पण कोरडा, पान उलटल्यासारखा, आणि मध्ये श्वास न घेता चाललेला. अर्ज पहिला, चौदा जानेवारी, विषय खाडीवरील पूल, सविनय सादर करते की. अर्ज दुसरा, तीन फेब्रुवारी, विषय खाडीवरील पूल. मिरेया दोनदा म्हणाली, अहो, ऐका तरी. तो थांबला नाही. तिसरा झाला, चौथा झाला. गार्देनियाचे स्वतःचे शब्द, जसेच्या तसे, खाडाखोडीसकट. अकरावा संपला आणि दिव्याचा खांब सुरू झाला. मग कोणाचं तुंबलेलं गटार. मग कोणाच्या पोराची शाळा.

मिरेया फोन कानाला धरून नव्या पुलावर गेली आणि मध्यावर कठड्याला टेकून उभी राहिली, अनवाणी. कोलोनने तिला विचारलं, सेन्योरा, रिक्षा बोलावू का? तिने हाताने थांब म्हणून सांगितलं. साठ-सत्तर चिठ्ठ्या होत्या, आणि तिची सगळ्यांत शेवटी आत गेली होती.